मन कळणे आणि माणूस भेटणे

या पानांवर इंग्रजी कादंबरीची गोष्ट, आणि तीही विज्ञानकथा, पाहून काही माउलींना नवल वाटेल. पण विषय आपल्या घरचाच आहे. दुसऱ्याच्या मनातले जसेच्या तसे कळू लागले तर माणूस सुखी होईल का? माणसे त्याच्या जवळ येतील का? हा त्या कादंबरीचा प्रश्न आहे. आपल्या संतपरंपरेने सिद्धींच्या निमित्ताने हाच प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मी या प्रश्नाचे चुकीचे उत्तर अकरा वर्षे उराशी धरून बसलो होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पुस्तक मला नातीने आणून दिले. ती पुण्यात शिकते. मी बँकेत तीस वर्षे कर्ज विभागात काम केले. कर्ज मागायला येणारा माणूस खुर्चीत बसला, की तो हप्ते फेडणार की बुडवणार हे मला त्याच्या बसण्यावरून कळते, असे मी घरात अभिमानाने सांगत असे. ते ऐकून ऐकून नात एक दिवस म्हणाली, "आजोबा, तुम्हाला सगळ्यांच्या मनातलं कळतं ना? मग या माणसाची गोष्ट वाचा." मी शब्दकोश शेजारी ठेवला आणि संध्याकाळच्या हरिपाठानंतर रोज आठ-दहा पाने, असे करत फाल्गुन-चैत्रात ते पुस्तक संपवले.

कादंबरीचे नाव 'डाइंग इनसाइड', म्हणजे आतल्या आत मरत जाणे. लेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग. ती अमेरिकेत 1972 साली प्रसिद्ध झाली. नायकाचे नाव डेव्हिड सेलिग. न्यूयॉर्क शहरात राहणारा, चाळिशी ओलांडलेला, एकटा माणूस. जन्मापासून त्याला एक शक्ती आहे. समोरच्याच्या मनात तो शिरू शकतो. तिथले विचार, आठवणी, लाज, हाव, भीती, सगळे त्याला आपोआप कळते. विज्ञानकथांमध्ये अशी शक्ती असलेले नायक सहसा राज्ये जिंकतात, जग वाचवतात. हा नायक त्यातले काही करत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना पैसे घेऊन निबंध लिहून देणे, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. विद्यार्थ्याच्या मनात डोकावायचे, तो कसा विचार करतो, कसे शब्द वापरतो ते पाहायचे आणि त्याच्या धाटणीत लिहून द्यायचे. जिच्यापुढे जग हात जोडेल अशी शक्ती, आणि तिचा उपयोग हा!

त्यातही आता ती शक्ती ओसरू लागली आहे. एखाद्याला ऐकू येणे कमी व्हावे तसे. कधी लख्ख कळते, कधी नुसती खरखर, कधी काहीच नाही. ती पूर्ण गेली तर आपण कोण उरणार, या भीतीची ही कादंबरी आहे. तिच्यात चमत्कार एकच आहे आणि तोही मावळतो आहे.

वाचताना मला पहिला धक्का एका साध्या तपशिलाने दिला. सेलिगला दुसऱ्याचे मन कळते, पण स्वतःच्या मनातले तो दुसऱ्याच्या मनात पाठवू शकत नाही. घेणे आहे, देणे नाही. खिडकी अशी, की तो बाहेरचे सगळे पाहतो, पण त्याला कुणी पाहू शकत नाही. आणि अशा खिडकीमागे तो जन्मभर बसून राहिला आहे.

त्याची एक बहीण आहे, ज्युडिथ. हा मुलगा इतका एकलकोंडा का, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी ती मुलगी दत्तक घेतली. तिच्यामुळे याला सोबत होईल ही अपेक्षा. झाले उलटेच. भावाने तिचा दुस्वास केला, आणि हा आपल्या मनात शिरतो हे पुढे कळल्यावर बहिणीला त्याची किळस येऊ लागली. आपण सगळेच कधी ना कधी मनात वाईट आणतो. ते ओठांवर येऊ देत नाही, दुसऱ्या दिवशी त्याची लाज वाटते, आणि नाते टिकते. पण मनात आले तेवढ्यावरच कुणी आपला निकाल लावू लागला तर त्याच्यासमोर बसवेल का?

पुढे त्याला किटी नावाची तरुणी भेटते. या एका बाईचे मन त्याला कळत नाही. तिच्यापाशी त्याची शक्ती चालत नाही. खरे तर ही त्याच्यासाठी केवढी सुटका होती! आयुष्यात प्रथमच त्याला इतर माणसांसारखे विचारून, ऐकून, वाट पाहून कुणाला ओळखता आले असते. पण त्याला ते सोसत नाही. हिच्यातही आपल्यासारखी शक्ती दडलेली असेल, ती जागी करू, म्हणून तो तिच्यावर प्रयोग करत राहतो, तिला सतावत राहतो. शेवटी कंटाळून ती निघून जाते. ती जशी होती तशी त्याला पुरली नाही.

शक्ती असलेला आणखी एक माणूस त्याला भेटतो, नायक्विस्ट. त्याला कसलीही टोचणी नाही. शेअर बाजारातल्या लोकांच्या मनातली माहिती काढतो, पैसा करतो, मजेत राहतो. सेलिग मनात कुढणारा आणि नायक्विस्ट खुशालचेंडू. पण दोघांचे माणसाशी नाते एकच. माणूस म्हणजे वाचून घेण्याची वस्तू.

कादंबरीतला एक प्रसंग मात्र वारकऱ्याच्या काळजाला भिडेल असा आहे. लहानपणी सुट्टीत सेलिग एका शेतावर राहायला जातो. तिथला म्हातारा शेतकरी तुसडा, अबोल, मुलांवर खेकसणारा. एक दिवस मुलगा सहज त्याच्या मनात शिरतो. वर सगळी जळमटे असतील असे त्याला वाटलेले असते. पण खोल तळाशी पाहतो तर आनंदाचा झरा! म्हातारा आतून सगळ्या सृष्टीशी एकरूप होऊन डोलतो आहे. बाहेर कुणाला त्याचा पत्ता नाही. मुलगा त्या आनंदात न्हाऊन निघतो.

हे वाचून मला आपल्या गावोगावचे किती तरी म्हातारे आठवले. तिरसट बोलणारे, हिशेबाला कडक, आणि कीर्तनात नामाचा गजर सुरू झाला की डोळ्यांतून धार लागणारे. पण प्रश्न पुढचा आहे. त्या मुलाला एवढा आनंद प्रत्यक्ष दिसला, चाखायला मिळाला, मग तो जन्मभर कोरडा का राहिला? याचे उत्तर मला असे वाटते. तो आनंद उसना होता. शेजाऱ्याच्या घरातल्या स्वयंपाकाचा वास खिडकीतून घ्यावा, तसा. त्या म्हाताऱ्याने जी माती कसली, जे मौन पाळले, जे सोसले, त्यातले काहीच मुलाच्या वाट्याला आले नव्हते. अनुभव पाहता येतो, पण पाहिल्याने तो आपला होत नाही. आपल्याकडे म्हणून श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. पतंजलींच्या योगसूत्रांतला तिसरा पाद म्हणजे विभूतिपाद. त्यात ज्या सिद्धी सांगितल्या आहेत त्यांत परचित्तज्ञान आहे, म्हणजे दुसऱ्याचे चित्त कळणे. त्याला लागूनच एक इशारा येतो. चित्त कळते, पण ते कशाला धरून आहे ते या सिद्धीने कळत नाही. समोरच्याचे मन रंगले आहे हे समजेल, कशात रंगले हे समजणार नाही. आणि याच पादात पुढे या शक्तींना समाधीच्या वाटेवरचे अडथळे म्हटले आहे.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, पंधराव्या अध्यायात भगवान उद्धवाला सिद्धी समजावून सांगतात. अणिमा, लघिमा वगैरे अठरा सिद्धी सांगून झाल्यावर पाच क्षुद्र सिद्धी येतात. दुसऱ्याचे मन ओळखणे ही त्या क्षुद्रांमधली एक! आणि अध्यायाच्या शेवटाकडे भगवंतांचा निर्वाळा असा, की उत्तम योग साधणाऱ्याला या सगळ्या सिद्धी म्हणजे विघ्ने, काळ फुकट घालवणाऱ्या. नाथमहाराजांनी याच स्कंधावर 'एकनाथी भागवत' रचले आणि 1573 साली काशीत ते पूर्ण केले. ज्याच्या घरी ही पोथी आहे त्याने हा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा.

आणि मग आपले चांगदेव. परंपरा सांगते, की ते चौदाशे वर्षे जगलेले योगी. काळाला त्यांनी चौदा वेळा परतवले. वाघावर बसून हाती सापाचा आसूड घेऊन ते निघत. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसले आणि अडले. वयाने हा मुलगा लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर वयाने आपण केवढे! शेवटी कोरा कागद पाठवला. काळाला परतवणाऱ्या माणसाला भेटीचा पहिला शब्द सुचेना. सेलिगही असाच. दुसऱ्यांच्या धाटणीत पानेच्या पाने लिहून देतो, पण स्वतःच्या बहिणीशी बोलायला त्याच्यापाशी एक सरळ वाक्य नाही.

कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले, तीच 'चांगदेव पासष्टी'. त्यात सिद्धींची परीक्षा नाही, की चांगदेवांना कमी लेखणे नाही. तू आणि मी मुळात दोन नाही, मग भेट कुणाची कुणाशी, या अंगाने ते उत्तर जाते. ज्याला भेट म्हणजे पारख वाटत होती, त्याला भेट म्हणजे ऐक्य असे सांगितले. पुढे चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केले. चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू एक लहान मुलगी.

इथे एखादी माउली म्हणेल, "अहो, चमत्कार तर ज्ञानदेवांनीही केले. भिंत चालवली, रेड्याच्या मुखातून वेद बोलवले. मग शक्ती वाईट कशी?" शंका रास्त आहे. मला तिचे उत्तर त्या भिंतीच्याच गोष्टीत सापडते. चांगदेव वाघावर बसून येत आहेत असे कळले तेव्हा ही चार भावंडे भिंतीवर बसली होती. पाहुणा येतो आहे, आपण बसून कसे राहायचे? म्हणून भिंतच चालली. म्हणजे शक्ती वापरली गेली ती सामोरे जाण्यासाठी. चांगदेवांचा वाघ लोकांना दिपवण्यासाठी होता, ज्ञानदेवांची भिंत पाहुण्याला भेटण्यासाठी. सेलिगची शक्ती बसल्या जागेवरून डोकावण्यासाठी होती. त्याची भिंत कधी चाललीच नाही.

याहून मोठे उत्तर पंढरीत उभे आहे. आपला पांडुरंग अंतर्यामी. कुणाच्या मनातले त्याला कळत नाही? तरी पुंडलिकाच्या दारी तो काय करतो? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत आहे, त्याने वीट भिरकावली, आणि हा त्या विटेवर कमरेवर हात ठेवून थांबला. ज्याला सगळे कळते तो डोकावत नाही, वाट पाहतो. युगे लोटली तरी वाट पाहतो. जाणणे वाईट नाही. जाणणाऱ्याला थांबता आले पाहिजे.

आणि आपली वारीची रीत पाहा. दिंडीत एकमेकांच्या पाया पडताना कोण कुणाच्या मनात शिरून पाहतो? समोरचा मनात काय घेऊन आला आहे, कुणाशी भांडून आला आहे, कर्जात आहे की पापात, आपल्याला ठाऊक नसते. तरी आपण वाकतो आणि तोही वाकतो. ओळख नसलेल्याला 'माउली' म्हणतो. आधी ओळख पटवायची आणि मग माथा टेकवायचा, असे आपल्याकडे नाही. सेलिगने सगळ्यांना आतून पाहिले आणि कुणापुढे वाकला नाही. वारकरी कुणाच्या आत पाहत नाही आणि सगळ्यांपुढे वाकतो. दोघांत एकटा कोण पडला, हे सांगायला नको.

कुणी याचा अर्थ असा घेऊ नये, की व्यवहारात डोळे मिटून चालावे. ठेवीदारांचा पैसा हाती असेल तर माणूस पारखूनच कर्ज द्यावे लागते. तीस वर्षे मी तेच केले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. माझी चूक वेगळी होती. बँकेतली ती खुर्ची मी घरी घेऊन आलो.

आता ते सांगतो. वडिलांच्या मागे शेताची वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या दादांचे आणि माझे बिनसले. दादा कागदावर सही करेनात. काही बोलेनातही. मान खाली घालून बसून राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिथल्या तिथे निकाल लावला की यांच्या मनात हाव आली आहे. मला कळते ना माणूस! त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. लग्नकार्यात एका मांडवात दोन टोकांना बसलो. दोघेही माळकरी, दोघेही एकादशी करणारे. देवळात काकड्याला त्यांचा आवाज मला मागून ऐकू येई आणि मी पुढे पाहत टाळ वाजवत राही.

पुस्तकानंतर योगसूत्रांवरचे विवेचन काढून वाचले. दुसऱ्याचे चित्त कळते, पण ते कशाला धरून आहे ते कळत नाही, या इशाऱ्यापाशी मी थांबलो. दादांच्या चेहऱ्यावर काहीतरी होते, एवढे मला खरेच दिसले होते. पण ते कशाला धरून होते? वडिलांच्या आजारपणातले काही? वहिनींचे काही? मुलाच्या नोकरीचे? मी विचारले नव्हते. सिद्धी नसताना मी सिद्धाचा तोरा मिरवला आणि सिद्धांनाही जे कळत नाही ते मला कळले असे मानून बसलो. एकदा पत्र लिहायला घेतले. 'तीर्थरूप दादांस' एवढे लिहिले आणि पुढे शब्द येईना. चांगदेवांचा कोरा कागद निदान पोचला तरी. माझा कपाटातच राहिला.

त्या आषाढीला मी माउलींच्या पालखीबरोबर चालत होतो. वेळापूर सोडून भंडीशेगावकडे जाताना टप्पा येथे माउली आणि सोपानकाकांची बंधुभेट होते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन्ही रथ एकमेकांजवळ येतात, मानाचे नारळ दिले-घेतले जातात आणि आजूबाजूच्या हजारो माणसांचे डोळे भरून येतात. मी गर्दीत मागे होतो, टाचा उंचावून पाहत होतो. किती वर्षे पाहिलेला सोहळा, पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने लक्षात आली. तिथे कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. जुना हिशेब निघत नाही. थोरला आणि धाकटा जवळ येतात, एवढेच. भेट म्हणजे एवढेच असते, आणि एवढे झाले की पालख्या पुढे चालू लागतात.

वारीहून परतल्यावर पौर्णिमेच्या आत एका संध्याकाळी मी प्रसादाची पुडी घेऊन दादांच्या घरी गेलो. दारात वहिनी होत्या. त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, भावजी आलेत." दादा ओसरीवर आले. मी वाकलो. वारकरी म्हणून ते माझ्याही पायाशी वाकू लागले, तेव्हा मी त्यांचे हात धरले. त्यांनी चुरमुरे-बत्ताशांची पुडी कपाळाला लावली. थोड्या वेळाने म्हणाले, "घाट चढताना गुडघा दुखला का रे?" मी म्हटले, "दुखला, दादा." मग चहा झाला. विहिरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

कादंबरीच्या शेवटी सेलिगची शक्ती पूर्ण जाते. डोक्यात प्रथमच शांतता होते. बाहेर हिवाळा आहे. आणि ज्या बहिणीशी जन्मभर वाकडे, तिच्याशी त्याचे थोडे जुळू लागते. आता तिच्या मनातले त्याला दिसत नाही. तिने सांगितले तेवढेच कळणार. लेखकाने याला सुख म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. त्याचे जे गेले ते फार मोठे होते. पण जे खिडकीतून कधी आले नव्हते ते दारातून येऊ लागते, एवढे खरे.

नातीला पुस्तक परत करताना तिने विचारले, "मग काय ठरलं आजोबा? मोठ्या आजोबांच्या मनात तेव्हा काय होतं?"

मी तिला खरे तेच सांगितले. मला अजून कळलेले नाही. आता दर गुरुवारी संध्याकाळी दादांकडे जातो. दोघे मिळून हरिपाठ म्हणतो. त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील. नाही सांगितले तरी पुढच्या गुरुवारी मी जाणार आहे.

रामकृष्ण हरी.